गोगलगायीचं औषध, ज्यात गोगलगाय नाही

मावसभावाला हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर) निघाला, तिसरी स्टेज, आणि केमोच्या कागदावर चार नावं होती: ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, डॉक्सोरुबिसिन, व्हिनब्लास्टिन, डाकार्बाझिन. (आता बराय तो, पेट स्कॅन क्लीन आलाय, म्हणून हे निवांत लिहितेय.) आमच्या खानदानात केमिस्ट्रीत एमएस्सी केलेली मी एकटीच, त्यामुळे बीपीच्या गोळीपासून फरशी पुसायच्या लिक्विडपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात, तसा हाही आला. डे केअरच्या खुर्चीत हाताला सुई लावून बसलेला हा पठ्ठ्या मला विचारतोय, "ताई, ही चारही कशापासून बनवतात गं? सांग ना, तेवढाच टाइमपास."

मग बसले शोधत.

डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लालभडक, जे दिल्यावर लघवीसुद्धा लाल होते आणि नर्स आधीच बजावून ठेवतात की घाबरू नका. ते इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका बॅक्टेरियाचं. डाकार्बाझिनला उजेड सहन होत नाही, त्याच्या पिशवीवर काळं प्लास्टिक चढवतात, ते मात्र पूर्णपणे लॅबमध्ये जन्मलेलं. व्हिनब्लास्टिन सदाफुलीचं. हो तीच सदाफुली, आपल्या प्रत्येक सोसायटीत कंपाउंडच्या कडेला कुणी न लावता उगवलेली असते ती. आणि पुण्याचा तर तिच्याशी जुना संबंध आहे, सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन तयार करायची प्रक्रिया १९८० च्या दशकात आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बसवली आणि ती सिप्ला या औषध कंपनीकडे गेली, त्यामुळे ही औषधं इथेच बनायला लागली. पाषाणला जाताना त्या गेटसमोरून मी हजारदा गेले असेन, पण सदाफुली म्हटलं की मला आजवर फक्त डायबेटिसवाल्या काकांची सकाळची पानं चावण्याची सवय आठवायची. (ती करू नये, हे जाता जाता सांगून टाकते. त्या पानात काय काय आहे हे एकदा कळलं की हात धजावत नाही.)

आणि ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, चारातलं सगळ्यात महाग, ज्याच्या एकेका व्हायलचं बिल बघून काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं, त्याचं मूळ निघालं एका समुद्री गोगलगायीत. म्हणजे तसं म्हणतात. खरी गोष्ट त्याहून बरीच वाकडीतिकडी आहे आणि मला ती वाकडी गोष्टच जास्त आवडली.

तर डोलाबेला ऑरिक्युलारिया नावाचा एक प्राणी आहे, इंग्रजीत याला आणि याच्या भाऊबंदांना सी हेअर म्हणतात, समुद्री ससा. नावावर जाऊ नका. हिरवट-तपकिरी, अंगावर खडबडीत फोड, चांगला वीतभर किंवा त्याहून मोठा, मागची बाजू तिरकी कापल्यासारखी सपाट, डिवचलं की जांभळी शाई सोडतो. हिंद आणि प्रशांत महासागरात उथळ पाण्यात शेवाळं चरत फिरतो. शंख जवळपास नाहीच, आत कातडीखाली एक पातळ चकती उरलेली असते फक्त. आता विचार करा, मऊ अंग, वेग शून्य, वर शंखही नाही, आणि आजूबाजूला खेकडे नि मासे. तरी हे प्राणी कोट्यवधी वर्षं टिकून आहेत. कारण यांची चव घेतलेला परत वाटेला जात नाही.

हे विषारी आहेत हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने समुद्री सशाच्या विषाबद्दल लिहून ठेवलंय, आणि रोमन सम्राटांच्या घरातल्या विषप्रयोगांच्या ज्या कुजबुजी आहेत त्यातही हा ससा डोकावतो. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज पेटिट, ज्यांनी उभी हयात समुद्रातल्या जिवांत कॅन्सरची औषधं शोधण्यात घातली, त्यांच्या ग्रुपने १९७२ मध्ये मॉरिशसजवळच्या समुद्रातून डोलाबेला गोळा केले. अर्क उंदरांमधल्या कॅन्सरवर जबरदस्त चालत होता. पण अर्कात नेमकं कोण चालतंय ते शोधायला आणि त्याची रचना पक्की करायला १९८७ उजाडलं. पंधरा वर्षं! कारण किलोंच्या हिशेबात गोगलगायी घेतल्या तरी हातात यायचं ते मिलिग्रॅममध्ये, म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतकं. आम्ही एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला चहापत्तीतून कॅफीन काढायचो आणि यील्ड कमी आला म्हणून रडायचो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

त्या पदार्थाचं नाव डोलास्टॅटिन १०. रचना बघितली तर एकामागे एक जोडलेले पाच तुकडे आहेत. त्यातला एक व्हॅलिन, जो रोजच्या डाळीतल्या प्रोटीनमध्येही असतो, बाकीचे चार मात्र तेव्हा केमिस्ट्रीला नवीनच, म्हणून त्यांना त्या प्राण्यावरूनच नावं दिली, डोलाव्हॅलिन, डोलाआयसोल्युइन, डोलाप्रोइन, डोलाफेनिन. आणि काम काय करतं? पेशी दुभंगताना आतमध्ये ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या बारीक नळ्या उभ्या राहतात, त्या क्रोमोझोम दोन बाजूंना ओढतात. डोलास्टॅटिन त्या नळ्या उभ्याच राहू देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. आता गंमत बघा, सदाफुलीचं व्हिनब्लास्टिन ट्युब्युलिनवर जिथे चिकटतं, त्याच्या अगदी शेजारीच हे डोलास्टॅटिनही चिकटतं. जमिनीवरचं झुडूप आणि समुद्रतळावर सरकत फिरणारी गोगलगाय, एकमेकांचा काडीचा संबंध नाही, आणि दोघांच्या विषाने घाव घातला तो एकाच प्रोटीनवर, तोही हातभर अंतरावर. आणि आमच्या दादाच्या (म्हणजे हाच मावसभाऊ, तो लहान आहे पण आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) सलाइनमध्ये दोघंही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक.

मग झालं का डोलास्टॅटिनचं औषध? नाही झालं. १९९० च्या दशकात माणसांवर ट्रायल झाल्या, आणि लक्षात आलं की हे इतकं जहाल आहे की कॅन्सरला पुरेल एवढा डोस द्यायच्या आधीच पांढऱ्या पेशी कोसळतात, नसांना त्रास होतो. जेवढा डोस झेपतो तेवढ्याने ट्यूमर फारसे हलत नाहीत. फाइल बंद. बहुतेक समुद्री औषधांच्या गोष्टी इथेच संपतात आणि पेपरात मात्र "समुद्रातून आला कॅन्सरवर उतारा" एवढीच पहिली बातमी राहते.

पण इथे काही लोकांनी उलटा विचार केला. विष जहाल आहे ना, मग रक्तात मोकळं सोडायचंच कशाला, कॅन्सरच्या पेशीपर्यंत बांधून नेऊ आणि तिथेच सोडू. त्यासाठी डोलास्टॅटिनची लॅबमध्ये बनवता येतील अशी भावंडं तयार केली, त्यांना ऑरिस्टॅटिन म्हणतात. त्यातलं एक मोनोमिथाइल ऑरिस्टॅटिन ई. शेवटचा डोलाफेनिन काढून तिथे सोपा तुकडा बसवला, आणि दुसऱ्या टोकाला, जिथे नायट्रोजनवर दोन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा छोटासा गट) होते, तिथला एक मिथाइल कमी केला. एक मिथाइल! पण तो काढल्यामुळे त्या नायट्रोजनला हात मोकळा मिळाला आणि तिथे दोरी बांधता आली. दोरीचं दुसरं टोक अँटिबॉडीला, म्हणजे नेमकं एकच लक्ष्य ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रोटीनला. ही अँटिबॉडी सीडी३० नावाचं प्रोटीन ओळखते, जे हॉजकिनच्या मोठाल्या कॅन्सर पेशींवर (त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात) भरभरून असतं. अँटिबॉडी पेशीला चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते, आतली एंझाइम्स ती दोरी तोडतात (दोरी मुद्दाम अशीच केलीय, व्हॅलिन आणि सिट्रुलिनची, रक्तात बऱ्यापैकी टिकते आणि पेशीच्या आत तुटते) आणि विष मोकळं होतं. एका अँटिबॉडीवर विषाचे सरासरी चार रेणू. अमेरिकेत २०११ मध्ये याला मान्यता मिळाली, तेव्हा ते आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटून आलेल्या हॉजकिनसाठी होतं, आणि २०१८ मध्ये पुढच्या स्टेजच्या हॉजकिनसाठी पहिल्याच उपचारात, ब्लिओमायसिन या जुन्या केमोच्या औषधाच्या जागी. ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देतं, आणि या दोघांना एकत्र तर अजिबात द्यायचं नसतं. पुढे याच विषाला वेगवेगळ्या अँटिबॉड्या बांधून आणखी औषधं आली, पोलाटुझुमॅब व्हेडोटिन एका लिम्फोमासाठी, एनफोर्टुमॅब व्हेडोटिन लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरसाठी, टिसोटुमॅब व्हेडोटिन गर्भाशयमुखाच्या. आडनाव व्हेडोटिन दिसलं की समजायचं, आतला माल तोच.

हे सगळं मी दादाला सांगितलं तेव्हा त्याचा पुढचा प्रश्न, "म्हणजे माझ्यासाठी किती गोगलगायी मारल्या?"

शून्य. रेणू सगळा लॅबमध्ये बनतो, आणि अँटिबॉडी बनते चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींमध्ये, त्याही मोठमोठ्या टाक्यांत. गोगलगाय कुठेच नाही. पण याच्याही पुढची गोष्ट अशी की मुळातसुद्धा ती गोगलगायीची नव्हतीच.

२००१ मध्ये हवाई आणि ग्वामच्या संशोधकांना पलाऊ बेटांजवळच्या सिम्प्लोका नावाच्या सायनोबॅक्टेरियात, म्हणजे दगडांवर केसासारखी वाढणारी ती निळसर-हिरवी शेवाळी जात असते तिच्यात, थेट डोलास्टॅटिन १० सापडलं. सी हेअर काय करतो तर चरता चरता ते शेवाळ खातो आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवत बसतो. विष बनवणारा दुसराच, नाव झालं गोगलगायीचं! तोवर चौदा वर्षं ते तिच्या खात्यावर जमा होतं.

आणि मग मी जिथे जिथे बघितलं तिथे हाच प्रकार. हवाईत एलिसिया रुफेसेन्स नावाची एक हिरवी, इंचभराची गोगलगाय आहे, तिच्यातून १९९३ मध्ये काहालालाइड एफ सापडलं, होनोलुलूजवळच्या काहाला भागाच्या नावावरून नाव. तेही कॅन्सरच्या ट्रायलपर्यंत गेलं, स्पेनच्या फार्मामार कंपनीने बरीच वर्षं खटपट केली, औषध काही झालं नाही. ही गोगलगाय ब्रायोप्सिस नावाचं पिसासारखं हिरवं शेवाळ खाते, त्या शेवाळातही काहालालाइड आहे पण नाममात्र, गोगलगायीत मात्र कितीतरी पटींनी जास्त. मग शेवाळ बनवतं म्हणायचं का? तेही नाही. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या ग्रुपने दाखवलं की शेवाळाच्या पेशींच्या आत एक बॅक्टेरिया राहतो, तो हे बनवतो. त्या बॅक्टेरियाचा जीनोम आटून लहान झालाय, एकटं जगायला लागणारी बरीच जीन्स त्याने टाकून दिलीत, पण ही विषं बनवणारी जीन्स मात्र त्याने सोडलेली नाहीत, त्यांनी मोठी जागा अडवलीय. बॅक्टेरिया शेवाळाला विष देतो, शेवाळ त्याला घर देतं, आणि गोगलगाय येऊन दोघांनाही खाऊन टाकते आणि विष पळवते. भाडेकरू, घरमालक आणि चोर.

फिलिडिया व्हॅरिकोसा बघा, काळी-निळी, त्यावर पिवळे फोड, डायव्हिंगवाल्यांच्या फोटोत हमखास असते. १९६० च्या दशकातच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की हिला टाकीत ठेवलं की बाकीचे मासे-खेकडे मरतात. तिच्या चिकट स्रावात एक विचित्र वासाचा पदार्थ होता, १९७५ मध्ये हवाईच्या पॉल शॉयर यांच्या ग्रुपने त्याची रचना काढली, आयसोसायनाइड, म्हणजे आम्ही ज्याची बाटली फ्यूम हूडमध्येसुद्धा नाक दाबून उघडायचो तो वर्ग. आणि तोच पदार्थ सापडला ती जो स्पंज (खडकाला चिकटून राहणारा एक साधा समुद्री प्राणी) खात होती त्या स्पंजमध्ये. या जातीच्या आयसोसायनाइडांपैकी काही मलेरियाच्या परजीवीवर लॅबमध्ये चांगली चालतात, अजून गोळी कुठलीही नाही.

असो. तर चोर म्हणून सोडून द्यावं का यांना? इथेच माझं मत वेगळं आहे, आणि म्हणूनच हा एवढा प्रपंच. क्रोमोडोरिस नावाच्या रंगीबेरंगी गोगलगायी असतात, पांढरा-निळा-काळा पट्टा, कडेला केशरी किनार. त्या ज्या स्पंजांवर जगतात त्यात विषारी पदार्थ एक नाही, अनेक असतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाच जातींच्या क्रोमोडोरिस तपासल्या तेव्हा दिसलं की पाचही जाती अंगाच्या कडेच्या किनारीत फक्त एकच पदार्थ साठवतात, लॅट्रन्क्युलिन ए. बाकी जे काही पोटात गेलं ते किनारीत नाही. मंडईत शंभर गाळे फिरून नेमकी एकाच गाळ्यावरची एकच जिन्नस पिशवीत टाकणाऱ्या बायका असतात ना, तसं. आणि ठेवतात कुठे, तर कडेला, म्हणजे मासा पहिला चावा जिथे घेणार तिथेच. हे लॅट्रन्क्युलिन मूळ १९८० मध्ये लाल समुद्रातल्या एका स्पंजमधून काढलं होतं, तो स्पंज पिळला की लालसर पाणी निघतं आणि त्याने मासे मरतात. आज ते पेशींवर काम करणाऱ्या लॅबमध्ये रोजच्या वापरात आहे, पेशीतला अॅक्टिन नावाच्या प्रोटीनचा सांगाडा विरघळवून पेशी कशी वागते ते बघायला. औषध नाही झालं, पण पेशी कशी हलते, कशी आकार बदलते याबद्दल जे कळलंय त्यातलं बरंच या असल्या विषांमुळे कळलंय, आणि त्याचं श्रेय पेपरात कधी येत नाही.

म्हणजे समुद्रात विषारी स्पंज आणि शेवाळं ढिगाने आहेत, प्रत्येकात शेकडो पदार्थ आहेत, त्यातलं जिवंत प्राण्याच्या शरीरावर खरंच चालतं कुठलं हे केमिस्टने एकेक करून तपासायचं तर जन्म पुरणार नाही. गोगलगायींनी ते काम कोट्यवधी वर्षं आधीच केलंय. जी चुकीचं साठवत होती तिला मासा खाऊन गेला, जी बरोबर साठवत होती तिची पिल्लं उरली. आणि वर घट्ट करून ठेवलंय, अर्क काढणाऱ्याचं अर्धं काम झालेलं. माझ्या मते या क्षेत्रात त्यांची खरी किंमत हीच आहे, त्या कारखाना नाहीत, त्या निवड करून दाखवतात. (अपवाद आहेत. एलिसियाच्या काही भगिनी स्वतःच्याच जीन्समधून पॉलिकेटाइड (एरवी बहुतेक बॅक्टेरिया, बुरश्या वगैरे बनवतात तो रसायनांचा एक वर्ग) बनवतात हे २०२० मध्ये सिद्ध झालंय, आणि प्राणी असं करू शकतो हे कळल्यावर बऱ्याच लोकांच्या भुवया वर गेल्या होत्या. सगळ्याच चोर नाहीत.)

हे मावशीला समजावताना मात्र माझी पुरती वाट लागली. तिला व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलेलं, समुद्री गोगलगायीचं चूर्ण, कॅन्सरवर रामबाण, कोर्सचे इतके हजार, खाली हळदीच्या डब्याचा वाटावा असा फोटो. मावशी म्हणाली, "अगं तूच म्हणालीस ना त्याच्या औषधात गोगलगाय आहे? मग हॉस्पिटलवाले एवढे पैसे घेतात त्यापेक्षा हे काय वाईट?" मी म्हटलं, मावशी, गोगलगायीचं जे खरं विष आहे ते तसंच्या तसं माणसांना देऊन बघितलं, मोठमोठ्या डॉक्टरांनी मोजून दिलं, तरी झेपलं नाही म्हणून सोडून द्यावं लागलं, आणि चूर्णवाला ते चमच्याने घ्या म्हणतोय. चूर्णात खरंच ते असेल तर घात आहे, आणि नसेल तर पैसे गेले. मावशी गप्प बसली पण पटलं नसावं, कारण दोन दिवसांनी काकांनी मला हळूच विचारलं की कुरिअरला परत पाठवता येतं का.

आणि विष बांधून नेलं म्हणजे अजिबात सांडत नाही असंही नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चौथ्या सायकलच्या आसपास दादाच्या बोटांची टोकं बधिर झाली. शर्टाची बटणं लागेनात. चहाचा कप धरला तर गरम आहे की कोमट ते कळायचं नाही, ओठाला लावल्यावर कळायचं. एकदा खिशातून किल्ली काढताना ती हातात आलीय की नाही हे त्याला वाकून बघावं लागलं, आणि तो हसला पण मला नाही हसू आलं. याचं कारण पुन्हा त्याच नळ्या. पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या नसेच्या पेशी हात-हातभर लांब, त्यात माल इकडून तिकडे न्यायला त्याच ट्युब्युलिनच्या नळ्या रुळांचं काम करतात. सदाफुलीही त्याच उखडते आणि ऑरिस्टॅटिनही. डॉक्टरांनी डोस कमी केला, हळूहळू पुष्कळ फरक पडलाय, पायाच्या बोटांना अजून मुंग्या येतात म्हणतो. डॉक्टरांना हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, "होईल बरं" म्हणत अंगावर काढायचं नसतं, एवढं कुणाच्या घरात हे औषध चालू असेल तर लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचं. मला वाटलेलं हे सगळं हवाई नि पलाऊलाच चालतं. पण २००० साली जोरुमायसिन नावाचा पदार्थ जगासमोर आला तो आपल्या मन्नारच्या आखातातल्या मंडपमजवळच्या गोगलगायीतून, आणि ते काम करणाऱ्यांत इटलीच्या लोकांबरोबर गोव्याच्या एनआयओचे, म्हणजे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे संशोधक होते. गोगलगाय जोरुन्ना फ्युनेब्रिस, पांढरी, अंगावर काळ्या वर्तुळांची नक्षी. सी बनीचे ते व्हिडिओ फिरत होते बघा, जपानमधला पांढराशुभ्र केसाळ ससुल्यासारखा इवलासा प्राणी, काळे कान, सगळ्यांनी "किती क्यूट" म्हणून फॉरवर्ड केलेला, त्याचीच ही चुलत बहीण. जोरुमायसिन ज्या रसायनांच्या कुटुंबातलं आहे त्याच कुटुंबातलं ट्रॅबेक्टेडिन हे औषध, जे समुद्रातल्या दुसऱ्याच एका प्राण्यात सापडलं, २००७ पासून युरोपात सॉफ्ट टिश्यू सार्कोमासाठी वापरात आहे. स्वतः जोरुमायसिन अजून औषध नाही, पण २०१९ मध्ये अमेरिकेत कॅलटेकच्या ग्रुपने ते कमी पायऱ्यांत लॅबमध्ये बनवायचा नवा रस्ता काढला, त्यामुळे आता त्याचे इकडचे-तिकडचे तुकडे बदलून बघता येतात, डोलास्टॅटिनचं जे झालं तेच. आणि ही गोगलगायसुद्धा एका निळ्या स्पंजवर जगते, ज्यात त्याच घराण्याची रसायनं आहेत. ओळखलंच असेल तुम्ही.

पुण्यात समुद्र नाही हे आपलं जुनंच दुःख, पण कोकण चार-पाच तासांवर आहे आणि तिथे आपण करतो काय तर सुरमई थाळी आणि सूर्यास्ताचा फोटो. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप लोकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर घेऊन जातो, आणि त्या तसल्या गढूळ पाण्यातही यांना समुद्री गोगलगायी सापडतात. रत्नागिरी-मालवणकडच्या खडकाळ किनाऱ्यावर तर सापडायलाच हव्यात, म्हणून यंदा हिवाळ्यात दादाला घेऊन जायचा बेत आहे, त्याच्या बोटांची परवानगी मिळाली की. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खाली जाते, त्या वेळी जायचं, पायात जुने बूट घालायचे, डबक्याजवळ उकिडवं बसून जरा वेळ काहीच न करता नुसतं बघायचं, कारण सुरुवातीला फक्त शेवाळं आणि दगड दिसतात. दगड उलटला तर आधी होता तसाच परत ठेवायचा. हात लावायचा नाही, का ते वर आलंच आहे. आणि गोगलगाय दिसली की सगळे तिच्याच क्लोजअपच्या मागे लागतात, तसं करू नका, ती कशावर बसलीय, कुठला स्पंज, कुठलं शेवाळ, काय खातेय, आधी त्याचा फोटो घ्या.